सात कोनांचे इरले

मानवी बुद्धी दोन हजार वर्षे एका वाक्यापाशी अडून बसली होती. मी पोलादपूरच्या नाक्यावर एका जीपमध्ये पावणेदोन तास अडून बसलो होतो, आणि दोन्ही प्रकारांत फारसा फरक नव्हता. सिद्धता येतेच आहे, असे गणिती सांगत होते. दहावा उतारू येतोच आहे, असे ड्रायव्हर सांगत होता.

ते वाक्य असे. एक सरळ रेषा घ्या आणि तिच्या बाहेर एक बिंदू घ्या. त्या बिंदूतून पहिलीला कधीही न भेटणारी रेषा एक आणि एकच काढता येते. शाळेत आपण हे मान डोलावून मान्य करतो, कारण बाहेर मधल्या सुट्टीची घंटा व्हायची असते. भूमितीच्या मूळ ग्रीक ग्रंथकर्त्याने हे जरा लांबलचक शब्दांत पाचवे गृहीतक म्हणून मांडले. पहिली चार इतकी आखूड आणि निरुपद्रवी आहेत, की पाचवे पाहून प्रत्येकाला वाटले, हे गृहीत कशाला धरायचे, हे तर सिद्धच करता येईल. मग इराणपासून इटलीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या लोक ते सिद्ध करत बसले. प्रत्येक सिद्धतेत कुठेतरी तेच वाक्य वेश पालटून आत शिरलेले सापडे.

मी एकतीस वर्षे पुण्यातल्या एका कॉलेजात हे शिकवले. ते वाक्य नाकारले तरी एक वेगळी, निर्दोष भूमिती उभी राहते, हा शेवटचा भाग परीक्षेला चार गुणांचा असल्यामुळे विद्यार्थी सोडून देत. रेश्मा उतेकरने तो सोडला नाही. ती आता पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका हायस्कुलात गणित शिकवते. फेब्रुवारीत तिचा फोन आला.

"सर, महाडला शाळांचं विज्ञान प्रदर्शन आहे. मी ती दुसरी भूमिती मांडतेय. कागदाची केली होती, दोनदा फाटली. आता बांबूची करून घेतेय. तुम्ही या, नाहीतर मी काहीतरी चुकीचं सांगेन."

निवृत्त शिक्षकाला चुका काढायला बोलावले, की तो तिथीवार बघत नाही. मी निघालो. दहावा उतारू म्हणून शेवटी एक शेळी आली, ड्रायव्हरने ती मोजली, आणि जीप सुटली.

वाडी

रेश्माच्या शाळेजवळची वाडी डोंगराच्या कुशीत आहे. निम्म्या घरांना कुलपे. माणसे मुंबईत, शिमग्याला येणार. सारवलेल्या अंगणात सत्तरीचे धाकूआबा शेलार कोयतीने बांबूच्या पातळ कामट्या काढत बसले होते. ते इरली विणतात. इरले म्हणजे लावणी करताना डोक्यावर आणि पाठीवर घ्यायचे छप्पर: बांबूच्या दोन जाळ्या आणि मध्ये पाने. वाकून काम करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. आता बहुतेक लोक प्लास्टिक पांघरतात, पण धाकूआबांचे गिऱ्हाईक अजून नाते गावापासून बिरवाडीपर्यंत आहे.

"हे आमचे सर," रेश्मा म्हणाली.

धाकूआबांनी कोयती खाली ठेवली नाही. "पुन्याचं? तिथं पाऊस हाय का?"

"आहे. आम्ही छत्री घेतो."

"छत्री धरून लावनी करतात?"

"लावणी करत नाही आम्ही."

"मंग पाऊस कशाला पायजे?"

मी जाळीकडे वळलो. इरल्याची जाळी तीन दिशांनी जाणाऱ्या कामट्यांची असते. त्यांच्यामध्ये सहा कोनांची भोके पडतात. धाकूआबा त्यांना घर म्हणतात.

"सहाचं घर सपाट बसतं," ते बोटाने दाखवत म्हणाले. "डोक्यापाशी गोल पायजे, तिथं पाचाचं घालायचं. वाटीवानी फुगतं."

"आणि सातचं?"

"सातचं घालीत नाय. सातचं पडतं. नव्या मानसाच्या हातनं. मंग इरलं तिथं वेडंवाकडं होतं, पाठीवर बसत नाय. माझा बापूस सातचं घर दिसलं की इरलं चुलीत घालायचा."

पाच, सहा, सात. एक गोलाची भूमिती, एक शाळेची, आणि तिसरी तीच, जिच्यासाठी मी आलो होतो. मला हे समजावून सांगायला एक सत्र लागत असे.

रेश्माला सगळीच घरे सातची हवी होती. मधले सातचे, त्याभोवती सातची, त्यांच्याभोवती पुन्हा सातची. धाकूआबा हो म्हणाले होते, आणि त्याचे कारण वर्तमानपत्रात गुंडाळून घरात ठेवलेले होते. ते त्यांनी बाहेर आणून दाखवले: रेश्माने रंगवून घेतलेली पाटी. ‘कारागीर : धाकू राघू शेलार’.

"सकालपास्नं चार येला बघितलान," त्यांची बायको सुंदराबाई उंबऱ्यातून म्हणाली.

"बघनारच. कुठं लिवलेलं नाय आजपातूर." मग पाटी पुन्हा गुंडाळत ते हळूच म्हणाले, "पन बाई, महाडात नात्याची मानसं येनार, बिरवाडीची येनार. निम्म्यांच्या पाठीवर माझं इरलं हाय. त्यांच्या म्होरं माझ्या नावाखाली सातचं घर."

"तेच तर दाखवायचंय, आबा."

"तुला दाखवायचंय गो. मला लपवायचं असतं."

जेवायला नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे आणि सुकटीची चटणी होती. सुंदराबाईंनी भिजलेले वाल सोलायला मलाही बसवले. तासभर गेला. पुण्यात तेवढ्या वेळात एक चर्चासत्र आटोपते आणि शेवटी खायला समोसा असतो. बिरडे सरस होते.

फेऱ्या

दुसऱ्या दिवशी विणकाम सुरू झाले. मी समोर बसून घरे मोजत होतो. एका कामटीने माझे बोट कापले, तेव्हा सुंदराबाईंनी त्यावर हळद दाबली आणि "लिवनारा हात दिसतो," असे निदान केले.

"सहाला कसं हाय," धाकूआबा म्हणाले, "पयल्या फेरीला सहा घरं, मंग बारा, मंग अठरा. दर फेरीला सहा वाढतात. सातला?"

"पहिल्या फेरीला सात. मग एकवीस. मग छप्पन्न."

कोयती थांबली. "अठराच्या जागेत छपन? मावतील कुठं?"

"मावत नाहीत. म्हणून कड वरखाली होते. त्या मुलखात केंद्रापासून जितकं लांब जावं तितकी जागा बेसुमार वाढत जाते."

"मंग ता चुकलेलंच की."

मी त्यांना त्या मुलखाचे आणखी नियम सांगितले. तिथे त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा नेहमी कमी भरते. जितकी कमी, तितका त्रिकोण मोठा. बाजू अनंत लांबवल्या तरी क्षेत्रफळ एका ठरावीक मापाबाहेर जात नाही. उद्घाटनाच्या भाषणांचेही तसेच असते, हे मी सांगितले नाही. आणि कोन ठरले की आकारमान ठरले: एकाच आकाराचा लहान त्रिकोण आणि मोठा त्रिकोण तिथे असूच शकत नाहीत.

धाकूआबांनी हातातली कामटी वाकवून पाहिली. "म्हंजी मोठ्या मानसाचं इरलं बघून तसंच ल्हान पोराचं करता येनार नाय?"

"नाही. लहान केलं की आकारच बदलणार."

"मंग त्या मुलखात पोरं भिजतात?"

एकतीस वर्षांत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी ‘बहुधा’ म्हणालो.

मग इतिहास. हंगेरीतल्या एका गणिताच्या शिक्षकाने आपली सारी उमेद त्या पाचव्या गृहीतकामागे घालवली होती. मुलगा त्याच वाटेला लागलेला पाहून त्याने त्याला कळवळून लिहिले, की हा नाद सोड, आरोग्य आणि सुख दोन्ही जाईल. मुलगा लष्करात अभियंता होता. त्याने ऐकले नाही. त्याने ते वाक्य नाकारून नवी भूमिती रचली आणि ती बापाच्या पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून छापली गेली. बापाने ती आपल्या जुन्या मित्राला, जर्मनीतल्या सर्वांत थोर गणित्याला, पाठवली. त्याचे उत्तर आले, की हे मला केव्हाच ठाऊक होते. मूर्ख लोक ओरडतील म्हणून त्याने ते ड्रॉवरमध्ये ठेवले होते. त्याच सुमारास रशियात एका प्राध्यापकाने तीच भूमिती स्वतंत्रपणे शोधून आपल्या विद्यापीठाच्या नियतकालिकात छापली होती, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या ड्रॉवरमध्ये.

"बाप बरोबर व्हता," धाकूआबा म्हणाले.

"तुमी तुमच्या बापाचं ऐकलंत व्हय?" सुंदराबाई आतून म्हणाल्या. "त्यानं गिरनीत जा म्हनून सांगितलंन व्हतं."

संध्याकाळपर्यंत मधले सातचे घर आणि भोवतीची सात घरे झाली होती. एवढ्यातच जाळी जमिनीवर टेकेना. खोगिरासारखी एकीकडून वर आणि दुसरीकडून खाली जाऊ लागली. मी खूश झालो. धाकूआबांनी तिच्यावर गोणपाट टाकले.

सव

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळजवळ हाकललेच. "मास्तर, तुमी बघत बसलात की हात चुकतो. सवला जा, गरम पान्यात पाय सोडा."

सव गावच्या झऱ्यांचे पाणी खरोखर गरम आहे. मी वाकून हात घालून पाहिला आणि चष्मा कुंडात पडला. शेजारी पाय शेकत बसलेल्या एका गृहस्थांनी तो बादलीने काढून दिला आणि "आता नंबर उतरेल," असा दिलासा दिला. नंबर उतरला नाही. एक दांडी मात्र सैल झाली. गरम झऱ्यांचे माहात्म्य सांगणारे आणखी दोघे भेटले. दोघांचेही गुडघे दुखत होते.

दुपारी वाडीवर परतलो. धाकूआबा अंगणात हात धुऊन बसलेले, चेहरा प्रसन्न. समोर पूर्ण झालेली, कड बांधलेली जाळी होती. ती ताटासारखी सपाट होती. मला आधी चष्म्याचा दोष वाटला. मग मी खाली बसून घरे मोजली. मधले सहाचे. भोवती सहा. मग बारा, मग अठरा. एकही चूक नव्हती.

रेश्मा शाळेतून आली, तिने पाहिले आणि ओटीवर बसली. "आबा, हे काय केलंत?"

"नीट केलं." त्यांनी मान वर केली नाही. "सकाली गोनपाट काढलं. सातची घरं दिसली. हात आपोआप उसवाया लागला गो. चाळीस वर्सं तेच केलंय, पोरांची सातची घरं उसवून सहाची केलीत."

"उद्या सकाळी नऊला महाडात मांडायचंय."

"हीच मांड की. चांगली झालीय."

चांगलीच झाली होती. दोन हजार वर्षे सगळ्यांना हीच हवी होती. मी त्यांना इटलीतल्या एका धर्मगुरूची गोष्ट सांगितली. पाचवे गृहीतक खोटे धरले तर काहीतरी विसंगत निघेल, म्हणून तो एकापुढे एक प्रमेये काढत गेला. विसंगती निघेना, निघाली ती सगळी नव्या भूमितीची खरी प्रमेये. पुस्तक संपत आले, तेव्हा हे सरळ रेषेच्या स्वभावाला शोभत नाही, असे जाहीर करून त्याने जुन्याचाच विजय झाल्याचे लिहिले. हातात आलेले सातचे घर उसवले.

"शहाना मानूस," धाकूआबा म्हणाले. "लोकं काय बोलतील, ता त्याला कळत व्हतं."

माझी गोष्ट अगदी उलट्या बाजूला जाऊन पडली. रेश्माने मात्र ती उचलली.

"आबा, पुढे दुसऱ्या एका इटालियन माणसानं काय दाखवलं सांगू? ह्या सातच्या भूमितीत कुठे खोट निघाली, तर तीच खोट सहाच्या भूमितीतही निघणार. दोघींचा पाया एकमेकींना बांधलेला आहे. सात चुकीचं, तर सहाही चुकीचं."

धाकूआबांनी आता मान वर केली. "माझ्या सहात खोट?"

"नाहीये ना?"

"हिंमत हाय का कुनाची काढायची?"

"मग सातमध्येपण नाही."

त्यांनी सपाट जाळीवरून अंगठा फिरवला. "ता तुला कळतं, मास्तरांना कळतं. नात्याच्या म्हातारीला, माझ्या जुन्या गिऱ्हाइकाला, कोन सांगनार? ती बघनार सातचं घर, आनि म्हननार, धाक्याची नजर गेली. मंग झालं माझं."

"मंग लिवा ना तसं," सुंदराबाई बाहेर येत म्हणाल्या.

"कसं?"

"मुद्दाम केलंय म्हनून लिवा. पाटी हाय, जागा हाय. एवढ्यासाठी डोकं धरून बसलेत तिघं शिकलेलं."

धाकूआबा शिकलेल्यांत मोजले गेल्यामुळे जरा खुलले. रेश्माने तिथेच पाटीवर, त्यांच्या नावाच्या वर, रंगाने लिहिले: ‘यातील सातची घरे मुद्दाम केली आहेत’. त्यांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली, ‘मुद्दाम’ जरा मोठे करायला लावले, आणि ओल्या कामट्या पुढे ओढल्या. या वेळी गोणपाट टाकायचे नाही, असे सुंदराबाईंनी ठरवले. मध्यरात्रीपर्यंत दुसरी फेरी झाली, पहाटे सहाला तिसरीतली निम्मी. छप्पन्नपैकी अठ्ठावीस घरांवर आम्ही थांबलो.

महाड

ती वस्तू जीपमध्ये बसेना. कशीही धरली तरी कुठली तरी कड उरायची आणि कुणाच्या तरी नाकात जायची. हे संपूर्ण प्रतल आपल्या साध्या अवकाशात कुठेही न मोडता पसरता येत नाही, असे एक प्रमेयच आहे. ड्रायव्हर ते न शिकता म्हणाला, "याला टपावर टाका."

चवदार तळ्याच्या काठाने चालत आम्ही सभागृहात पोचलो. मार्चमध्ये इथे माणसांना उभे राहायला जागा नसते. त्या सकाळी पाणी शांत होते. शतकानुशतके स्वयंसिद्ध म्हणून सांगितलेली गोष्ट स्वयंसिद्ध नसते, हे या गावाला समजावण्यासाठी बांबूची गरज नाही. पण आम्ही आणला होता.

प्रमुख पाहुणे अकराला आले. विज्ञान, अनंत, आपली परंपरा आणि स्वतःचे शालेय गुण यांवर ते पन्नास मिनिटे बोलले. आमच्या टेबलापाशी थांबून त्यांनी "छान, हस्तकला जपली पाहिजे," असे सांगितले आणि फोटोसाठी जाळी डोक्यावर धरली. ती दोन्ही कानांवर फडफडली. परीक्षक तिघे होते. रेश्माने त्यांना परिशिष्टापासून सांगायला सुरुवात केली. त्यांनी कागदावर खूण केली आणि ते ज्वालामुखीकडे गेले, कारण त्यातून धूर येत होता.

धाकूआबा खांबाच्या आडोशाला उभे होते. धुतलेला सदरा, हातात टोपी. दुपारी नात्याची म्हातारी खरोखरच आली, नातीबरोबर. तिने जाळी पाहिली आणि थेट कडेला हात घातला.

"कुनाचं गो हे? घरं सातची पडलीत."

नातीने पाटी वाचून दाखवली. म्हातारीने "मुद्दाम?" असे म्हणत खांबाकडे पाहिले. "धाकू, बाहेर ये. मुद्दाम कशाला रे?"

धाकूआबा पुढे आले. घसा साफ करून त्यांनी एका कामटीवर बोट ठेवले. "ही बघ, वैनी. इरल्यात काय असतं, हिच्या बाहेरच्या कुठल्या पन तिढ्यावर, जिथं दोन कामट्या एकमेकींवर पडतात तिथं, त्या दोगी धर. लई तर एक हिला चुकवील, दुसरी लांबवली की हिला गाठनारच. बरोबर?"

"बरोबर."

"आता हा तिढा धर. ही कामटी वर चालली, ती खाली चालली. दोगी सरळ हायत, मी एक पन वाकवलेली नाय. किती पन लांबव. दोगी हिला चुकवतात."

म्हातारीने एक कामटी नखाने टोकापर्यंत तपासली, मग दुसरी. पाचव्या गृहीतकाचा नकार मी यापेक्षा स्वच्छ शब्दांत कधी ऐकलेला नाही. माझ्या स्वतःच्या तोंडून तर नाहीच.

"उपेग काय?" म्हातारीने विचारले.

"उपेग काय नाय."

"पन हात साफ हाय." तिने कड एकदा दाबून पाहिली. "शिमगा झाला की मला एक कर. सहाचं."

"सहाचंच गो," धाकूआबा म्हणाले आणि त्यांनी टोपी घातली. त्यानंतर ते खांबामागे गेले नाहीत. चार वाजेपर्यंत त्यांनी तोच तिढा आणखी पंधरा-वीस जणांना दाखवला, आणि रेश्मा पाणी प्यायला जाऊ शकली.

पाचला निकालाचा कागद भिंतीवर लागला. गणित विभागात आमचे नाव नव्हते. रेश्माने तो खालपर्यंत वाचला. धाकू राघू शेलार यांच्या कामाला तिसरा क्रमांक मिळाला होता. विभाग : टाकाऊतून टिकाऊ.